विश्लेषण : निवृत्तीनंतर परराज्यातले छोटे गाव, सोनपेठहून सीमा ओलांडताना काय बदलते?

निवृत्तीनंतर कुठेतरी छोट्या गावात जाऊन राहायचे, असे मुंबई-पुण्याचा माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर डोंगर किंवा समुद्र असतो. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी नोकरी पूर्ण केलेल्याचे तसे नसते. तो आधीच छोट्या गावात राहत असतो आणि शांतता त्याला पुरेशी मिळालेली असते. त्याला हवे असते ते मे महिन्यात जरा कमी ऊन, हाकेच्या अंतरावर दवाखाना, दारात नाही तरी गावात रेल्वे स्टेशन. मुले हैदराबादला नोकरीला असतील तर तिकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव असले की आणखी बरे.

मग भालकी, बिदर, बसवकल्याण, बासर, निजामाबाद अशी नावे घरातल्या बोलण्यात येऊ लागतात. परभणी जिल्ह्याची सीमा ना कर्नाटकाला लागते ना तेलंगणाला. मध्ये लातूर आणि नांदेड आहेत. तरीही ही गावे सोनपेठकराला पुण्यापेक्षा जवळची. प्रश्न अंतराचा नाहीच. राज्य बदलल्यावर आयुष्यभर गृहीत धरलेल्या कोणत्या गोष्टी मागे राहतात, हा खरा प्रश्न आहे. आणि डाव लहान नाही : ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि कदाचित गावाकडचे विकलेले घर, हे सगळे एकाच व्यवहारात घालण्याची वेळ येते.

‘परराज्य’ म्हणायचे, पण किती परके?

आज पंचाहत्तरीत असलेला सोनपेठचा माणूस जन्मला तेव्हा परभणी, बिदर आणि निजामाबाद हे तिन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतात आलेले हैदराबाद राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार विभागले गेले. मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात गेले आणि तेलंगणाचे जिल्हे आंध्र प्रदेशात. विशेष म्हणजे उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. रेघ ओढली गेली, सोयरिकी मात्र तशाच चालू राहिल्या. लातूर-नांदेडच्या सीमेवरच्या गावांत अर्धे पाहुणे पलीकडचे असणे ही नवलाईची गोष्ट नाही.

श्रद्धेचे रस्तेही तसेच. हुमनाबादजवळच्या माणिकनगरची माणिकप्रभूंची गादी, कलबुर्गी जिल्ह्यातले गाणगापूर, बसवेश्वरांच्या शरणांचे बसवकल्याण, गोदावरीकाठचे बासरचे सरस्वती मंदिर. या ठिकाणी मराठवाड्यातून ये-जा पिढ्यान् पिढ्यांची आहे. घरात दत्तसंप्रदाय असला की गाणगापूर ‘परराज्यात’ आहे हे कुणाला आठवतही नाही. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत मराठी घराघरांत बोलली जाते. तेलंगणाच्या बाजूला मदनूर, जुक्कल, बोधन या पट्ट्यातही मराठी कानावर पडते. बाजारात दखनी उर्दू-हिंदीवर सगळ्यांचेच निभावते.

बाजारात निभावते, हे मात्र नीट लक्षात घ्यावे. तलाठी कार्यालय, पोलीस ठाणे, नगरपालिकेची नोटीस, वीजबिलावरचा मजकूर, दवाखान्यातला संमतीचा कागद हे कन्नड किंवा तेलुगूत असते. बोलता येणे आणि सहीआधी वाचता येणे यांत फरक आहे.

रेल्वेने आखलेला नकाशा

सोनपेठकराला गाडी पकडायची तर परळी किंवा गंगाखेड. परळीहून एक लोहमार्ग लातूर रोड, उदगीर, कमालनगर, भालकी, बिदर, जहीराबाद करत विकाराबादला आणि पुढे हैदराबादकडे जातो. दुसरा रस्ता गंगाखेड, परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद असा. म्हणजे निवड जवळपास रेल्वेनेच करून ठेवलेली आहे. यातला दुसरा रस्ता बराचसा गोदावरीच्या सोबतीने चालतो. गंगाखेडला जिच्या काठावर दशक्रिया होतात तीच नदी बासरला भेटते.

पहिल्या मार्गाचे आकर्षण हवामान. परभणी समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटरवर, तर बिदर पठारावर, ६५० मीटरहून उंच. उन्हाळ्यातल्या रात्री हा फरक अंगाला कळतो. बासर-निजामाबादकडे मात्र ही सवलत नाही. तिथले ऊन परभणीच्या उन्हाचे सख्खे भावंड आहे. ‘तेलंगणात जरा थंड असेल’ अशा समजुतीने कुणी जात असेल तर मे महिन्यात आठ दिवस राहून यावे.

एक गोष्ट सहसा मोजली जात नाही. मार्च २०२० मध्ये बंद झालेली ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे तिकीट सवलत परत आलेली नाही. वर्षातून सहा-सात वेळा लग्न, सप्ताह, तेराव्याला गावी यायचे तर दोघांचे पूर्ण भाडे धरूनच हिशेब करावा लागतो.

बसची सवलत नेमकी कुठे तुटते?

एसटीत ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे, ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. उदगीरहून बिदरला जाणाऱ्या एसटीत सीमेपुढचे तिकीट पूर्ण लागते.

पलीकडे महिलांसाठी चित्र वेगळे आहे. कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेतून ११ जून २०२३ पासून आणि तेलंगणात ‘महालक्ष्मी’तून ९ डिसेंबर २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये महिलांचा प्रवास मोफत आहे. अट एकच : त्या राज्यातल्या रहिवासाचे ओळखपत्र. पुरुषाला कर्नाटकात साठीनंतर भाड्यात २५ टक्के सूट मिळते. म्हणजे बिदरला स्थायिक झालेल्या सत्तरीतल्या जोडप्यात बाईंचा तिथला प्रवास फुकट, आणि गावी येताना सीमेपासून पुढे पुन्हा महाराष्ट्राचे नियम.

यात राजकारणही आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमावादाचा दावा अजून निकाली निघालेला नाही. नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये आणि नंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये वाद पेटला तेव्हा दोन्ही राज्यांमधली बससेवा विस्कळीत झाली. तेव्हाचा तणाव मुख्यतः बेळगावकडे होता, बिदरकडे नव्हे; पण आई आजारी आहे आणि बस बंद आहे, असा दिवस कुणावरही येऊ शकतो. रेल्वे स्टेशन असलेले गाव निवडण्याचे हे आणखी एक कारण.

पेन्शनचे काय होते?

काहीच होत नाही, आणि सगळ्यात जास्त भीती नेमकी याचीच असते. राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकाने परभणी कोषागाराकडचे आपले प्रकरण आणि बँक खाते तसेच ठेवले तरी चालते. पैसे खात्यात येतात आणि कुठूनही काढता येतात. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’वर चेहरा दाखवून मोबाइलवरूनही देता येतो. दुसऱ्या राज्याच्या कोषागारातूनच वेतन हवे असेल तर प्रकरण महालेखापालांमार्फत फिरवावे लागते. मराठवाड्यासाठी हे कार्यालय नागपुरात आहे. एवढी फिरवाफिरव बहुतेकांना लागत नाही.

कारखाना, सूतगिरणी किंवा खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्या ‘ईपीएस-९५’ वाल्यांसाठी १ जानेवारी २०२५ पासून केंद्रीकृत वितरण सुरू झाले आहे. देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून पेन्शन मिळते, राज्य बदलले म्हणून कागद हलवावे लागत नाहीत. आयकरही तोच राहतो.

अडचण आहे ती राज्य सरकार देत असलेल्या मदतीची. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळण्यासाठी किमान १५ वर्षे महाराष्ट्राचे रहिवासी असणे ही अट आहे. सीमेपलीकडे गेल्यावर ते थांबतात, आणि तिथली वृद्धापकाळ योजना पहिल्या दिवशी मिळत नाही. निवृत्त शिक्षकाला याचा फरक पडणार नाही. पण त्याच्यासोबत राहणाऱ्या म्हाताऱ्या आईला पडू शकतो.

दवाखाना : इथे घाई करू नये

निर्णयाचा कणा हाच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण त्यासाठी महाराष्ट्राची शिधापत्रिका किंवा अधिवास लागतो. पत्ता बिदरचा करून तिथले रेशनकार्ड घेतले की हे छत्र जाते. (सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांना ही योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला आणि त्यावरून कर्नाटकशी खडाजंगीही झाली. पण तो तिथल्या मूळ रहिवाशांसाठी आहे. सोनपेठहून नव्याने गेलेल्याने त्यावर विसंबू नये.) तेलंगणाची आरोग्यश्री योजना डिसेंबर २०२३ पासून १० लाखांची झाली. आकडा मोठा आहे, पण ती त्या राज्याच्या पात्र कुटुंबांसाठी.

सीमा न मानणारी गोष्ट एक : आयुष्मान भारतचे सत्तरीपुढचे कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांचे संरक्षण आहे आणि रचनेनुसार ते देशभर चालते. ‘रचनेनुसार’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. योजना राबवते राज्य, यादीत असते रुग्णालय, आणि खिडकीवर बसलेल्या माणसाला बाहेरच्या राज्याचे कार्ड चालवता यावे लागते. म्हणून घर पाहायला जाल त्याच दिवशी गावातल्या आणि जवळच्या शहरातल्या रुग्णालयात जाऊन विचारावे : हे कार्ड इथे चालते का? मागच्या महिन्यात कुणाचे चालले का? फोनवर मिळालेल्या ‘हो’पेक्षा हे उत्तर जास्त उपयोगाचे.

६० ते ७० या वयात तर हेही कार्ड नसते. साठीला निवृत्त झालेल्याला ही दहा वर्षे स्वतःच्या आरोग्य विम्यावर काढावी लागतात, किंवा महाराष्ट्राचे रेशनकार्ड सोडता येत नाही. स्थलांतर सत्तरीनंतर करायचे की साठीला, याचा विचार या एका मुद्द्यावर व्हायला हवा.

रुग्णालयांची स्थिती अशी आहे. सोनपेठहून आज गंभीर रुग्ण अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, नांदेडला किंवा परभणीला जातो. परभणीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ चे. पलीकडे बिदरला ‘ब्रिम्स’ २००७ पासून, निजामाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१३ पासून आणि निर्मलला २०२३ पासून आहे. म्हणजे बिदर किंवा निजामाबाद शहरात राहणाऱ्याची सोय सोनपेठपेक्षा नक्कीच चांगली. बासरला किंवा बसवकल्याणला राहणाऱ्याला मात्र मोठ्या रुग्णालयासाठी पुन्हा गाडीच करावी लागेल. मग हृदयाचा त्रास असलेल्याने सोनपेठ सोडून मिळवले काय, असा प्रश्न घरच्यांनी विचारायलाच हवा.

घर घेताना पैसे कुठे अडकतात?

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा सप्टेंबर २०२४ पासून २० लाख रुपये आहे. समजा तेवढ्याच किमतीचे घर घ्यायचे. तेलंगणात मुद्रांक, हस्तांतर आणि नोंदणी मिळून साडेसात टक्के, म्हणजे दीड लाख रुपये. कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर उपकर-अधिभार, आणि नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के. बेरीज साडेसात टक्क्यांच्या थोडी वरच जाते. महाराष्ट्रात नोंदणी शुल्काला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे, ती सवय तिथे उपयोगाची नाही. आणि नंतर पटले नाही म्हणून घर विकले तर हे पैसे परत येत नाहीत.

कागदपत्रांची नावे बदलतात. सातबारा शोधायला गेलात तर कर्नाटकात ‘आरटीसी’ किंवा ‘पहाणी’ मिळेल. जुन्या मराठवाड्यातल्या माणसाला हा शब्द नवा नाही. निजामकाळातल्या पहाणी पत्रकावर इथल्या जमिनींचे वाद आजही लढले जातात. नगरपालिका हद्दीतल्या मिळकतीला कर्नाटकात आता ‘ई-खाता’ लागतो, तो नसेल तर खरेदीखताची नोंदणी होत नाही. तेलंगणात शेतजमिनीच्या नोंदी एप्रिल २०२५ पासून ‘धरणी’ऐवजी ‘भूभारती’वर आहेत, आणि मंजुरी नसलेल्या लेआउटमधले प्लॉट नियमित करून घेण्याची वेगळी भानगड असते. आपल्याकडच्या गुंठेवारीचे ते भाऊबंद समजा. प्लॉट स्वस्त का आहे, याचे उत्तर बहुधा तिथेच सापडते.

या सगळ्यावर साधा उपाय आहे आणि तो फार कमी लोक करतात : आधी वर्षभर भाड्याने राहणे. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक आजारपण तिथे काढल्यावर जे कळते ते कोणताही दलाल सांगत नाही.

सोनपेठची शेती विकावी का?

इथे एक कलम आडवे येते. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. मराठवाड्यात त्यासाठी १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे. शेवटचा गुंठाही विकून टाकला आणि पाच वर्षांनी परत यावेसे वाटले, तर शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? कर्नाटकाने २०२० मध्ये आपली अशी अट काढून टाकली, त्यामुळे तिकडे घेणे सोपे झाले. इकडे परतणे मात्र तितके सोपे राहिलेले नाही. म्हणून थोडा तुकडा नावावर ठेवणारे शहाणे म्हणायला हवेत.

ठेवला तर कसणार कोण? बटईने दिला तरी ई-पीक पाहणी शेतात उभे राहून मोबाइलवर करावी लागते. ती झाली नाही तर अतिवृष्टीच्या मदतीपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत सगळीकडे अडते. बिदरमध्ये बसून सोनपेठच्या सोयाबीनचा फोटो काढता येत नाही, त्यामुळे बटईदार किंवा भावकीतला कुणी तरी विश्वासाचा लागतो. पीएम किसानचा विषय बहुतेकांसाठी मुळातच नाही, कारण महिना १० हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, चतुर्थ श्रेणीतले वगळता, त्यात बसत नाहीत.

पत्ता बदलण्याची साखळी

आधारवरचा पत्ता बदलला की बाकीचे हळूहळू मागे येते. मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा लागतो, दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. रेशनचे धान्य ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे जुन्या कार्डावरही दुसऱ्या राज्यात मिळते, त्यामुळे केवळ धान्यासाठी कार्ड बदलण्याची घाई नको. वाहन परवाना देशभर चालतो. गाडी मात्र १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथे पुन्हा नोंदणी आणि पथकर भरावा लागतो. ‘एमएच २२’ची जुनी गाडी नेण्यापेक्षा सोनपेठलाच विकून जाणे अनेकदा स्वस्त पडते.

दोघांपैकी एक गेल्यावर

घर निवडताना हा विषय कुणी काढत नाही. बहुतेक वेळा कन्नड-तेलुगू थोडीफार येत असते ती पुरुषाला, कारण त्याची नोकरी, बाजार आणि ओळखी. बाईंचे मराठी आणि घरापुरते हिंदी. तो आधी गेला तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज परभणीला, घराचा फेरफार बिदरला, बँकेचे लॉकर आणखी कुठे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या भाषेतला वारसाचा कागद. घर सुरुवातीपासून दोघांच्या नावावर घेणे, बँक खाते संयुक्त ठेवणे, पेन्शनच्या आदेशात पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का हे आजच पाहणे, ही कामे सोनपेठमध्ये बसून एका आठवड्यात होतात. बँकेतले नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे. त्यासाठी मृत्युपत्र लागते, आणि दोन राज्यांत मालमत्ता असेल तर त्यात दोन्हींचा गट क्रमांक, घर क्रमांक स्पष्ट लिहिलेला असावा.

मुलांनी पाठ फिरवली तर काय, हेही विचारले जाते. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा इथे राज्याची सीमा आड येऊ देत नाही. आई-वडील जिथे राहतात, आधी जिथे राहत होते किंवा मुले जिथे राहतात, यांपैकी कोणत्याही जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. म्हणजे बिदरला राहणारी आई हैदराबादेतल्या मुलाविरुद्ध बिदरमध्येच दाद मागू शकते. सोनपेठला परतली असेल तर परभणी जिल्ह्यातही अर्ज करता येतो. तिथे तो मराठीत लिहून दिला तरी चालतो.